तारामतीची भूमिका



सत्यासाठी राज्य सोडणाऱ्या हरिश्चंद्राची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी त्यावर ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेला एकही स्त्री तयार होईना. शेवटी अण्णा साळुंके या पुरुषाने ती केली. पडद्यावर दिसणारी बाई बदनाम, असाच तेव्हा समज होता.

१९३१ साली दुर्गाबाई खोटे यांनी ‘फरेबी जाल’मध्ये छोटी भूमिका केली. चित्रपट इतरांनी काढलेला, पण बोल लागला तो शिकल्यासवरल्या घरच्या या सुनेला. पुढच्याच वर्षी प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त त्या तारामती झाल्या आणि लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले. ज्या फाळक्यांना तारामती मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचा १९८३ चा पुरस्कार दुर्गाबाईंना मिळाला.

बाई तीच, कामही तेच. आधी घराण्याला बट्टा, मग घराण्याचे भूषण!

आपल्या अठरा पापस्थानांत परपरिवाद, म्हणजे परनिंदा, सांगितली आहे. ओळखीतली मुलगी नोकरीत वर गेली की ‘कशी गेली कोण जाणे’ ही कुजबुजही त्यातच येते. तिच्या कपड्यांची चर्चा करण्याआधी, ती काम काय करते ते तिलाच विचारूया.