सिद्धान्त आणि दृष्टान्त : हॅरिएट मार्टिनो यांच्या अर्थकथा

अर्थशास्त्र रंजक करून सामान्य वाचकापर्यंत नेण्याचा प्रश्न केवळ सुबोधतेचा नसून निवेदनाचाही आहे, हे हॅरिएट मार्टिनो (१८०२-१८७६) यांच्या ‘इलस्ट्रेशन्स ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’ या कथामालेवरून दिसते. फेब्रुवारी १८३२ पासून दोन वर्षे दरमहा एक याप्रमाणे तिचे २५ भाग निघाले. त्यापूर्वी १८१६ मध्ये जेन मार्सेट यांनी हेच शास्त्र गुरु-शिष्येच्या संवादातून मांडले होते; पण तेथे शंका विचारणारी मुलगी आहे, पोटाची चिंता असलेले माणूस नाही. कथेतून हे शास्त्र शिकवता येणार नाही असे जेम्स मिल यांचे मत होते. ते चुकीचे ठरले. भाग हजारोंनी खपले.

बहुतेक भागांत आधी कथा आणि शेवटी तिच्यातून सिद्ध झालेल्या तत्त्वांचा सारांश, अशी रचना आहे. मराठी वाचकाला येथे महानुभावांचा ‘दृष्टान्तपाठ’ आठवेल. त्यात मात्र सूत्र आधी येते आणि दृष्टान्ताने काय घ्यावे हे दार्ष्टान्तिक ठरवून देते. मार्टिनो यांच्याकडे सूत्र शेवटी येत असल्यामुळे तोवर कथा वाचकाच्या मनात आपला स्वतंत्र अर्थ रुजवून बसलेली असते.

‘अ मँचेस्टर स्ट्राइक’ (१८३२) हे याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. कामगारांना द्यावयाचा निधी ठरावीक असतो, संपाने तो घटतो, म्हणून संप आत्मघातकी, असे सारांश सांगतो. कथेचा नायक विल्यम ॲलन मात्र विवेकी, सचोटीचा, नेतृत्व नको असतानाही ते स्वीकारणारा कामगार आहे. संप फसतो. सहकारी कमी मजुरीवर परततात. ॲलनला गिरणीची दारे बंद होतात. पुढे तो उन्हाळ्यात रस्त्यांवर पाणी शिंपडतो, हिवाळ्यात झाडू मारतो आणि फसलेल्या संपाचा पुढारी म्हणून लोक त्याच्याकडे बोट दाखवतात. मजुरी का घटली याचे उत्तर सारांशात मिळते. सर्वांत शहाण्या माणसालाच सर्वांत मोठी शिक्षा का झाली, याचे मिळत नाही. हा प्रश्न लेखिकेला अभिप्रेत होता असे म्हणणे धाडसाचे होईल. पण ॲलनला मूर्ख वा दुष्ट रंगवून तो सहज टाळता आला असता. तसे त्यांनी केले नाही, आणि प्रचारकथांच्या गर्दीत ही कथा वेगळी ठरते ती यामुळेच.

वेतननिधीचा हा सिद्धान्त जेम्स मिल यांचे पुत्र जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८६९ मध्ये मागे घेतला. कथेची वाट त्याआधीच बदलली होती. एलिझाबेथ गॅस्केल यांनी १८४८ मध्ये ‘मेरी बार्टन’ ही कादंबरी लिहिली, तीही मँचेस्टरच्या कामगारांवरच. मात्र आपल्याला अर्थशास्त्रातले काही कळत नाही, असे त्यांनी प्रस्तावनेतच सांगून टाकले.