होटगी, विजापूरचा रस्ता आणि फोटोत न आलेली माणसं

सोलापूर-विजापूर हा रस्ता फोटोवाल्यांच्या यादीत कधीच वरच्या नंबरावर नसतो. घाट नाही, धबधबा नाही, समुद्र तर नाहीच नाही. ताम्हिणी म्हटलं की आपली मंडळी पहाटे चारला उठून तयार, आणि विजापूर म्हटलं की "गोल घुमट आला की उठवा रे" असं सांगून मागच्या सीटवर आडवी! पण लांबच्या प्रवासात वाटेतले फोटो काढायचा छंद असेल तर या पट्ट्याचा इतिहास माहीत असायला हवा. आपल्याकडे कॅमेरा घेऊन सरकारी खर्चाने हिंडायची सुरुवात ज्या मोजक्या ठिकाणी झाली, त्यात विजापूर येतं.

गोष्ट १८५५ ची. ईस्ट इंडिया कंपनीला जुन्या इमारतींची नोंद हवी होती. तोवर हे काम चित्रकार आणि नकाशे काढणारे करत. कंपनीच्या संचालकांनी हिशेब केला की त्यापेक्षा फोटो स्वस्त पडेल आणि जास्त अचूकही असेल. (कॉस्ट कटिंग काही आपल्या पिढीचा शोध नाही.) मग तोफखान्यातला एक अधिकारी, थॉमस बिग्ज, मुंबई इलाख्याचा सरकारी फोटोग्राफर म्हणून नेमला गेला. त्याने विजापूर, बदामी, ऐहोळे या भागात फोटो काढले. वर्ष संपता संपता फौजेने त्याला परत बोलावलं आणि काम डॉ. पिगू यांच्याकडे गेलं. मुंबईत त्याच्या आदल्याच वर्षी, १८५४ मध्ये, फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. भाऊ दाजी लाडांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी तिथले उत्साही सभासद. म्हणजे हे खूळ फक्त साहेबांचं नव्हतं, गिरगावातही पोचलं होतं.

आता जरा कल्पना करा. रेल्वे सोलापूरला पोचली १८६० मध्ये. त्याआधी विजापूर गाठायचं तर बैलगाडी, घोडा नाहीतर पाय. बरोबर लाकडी कॅमेरा, तिवई, रसायनांच्या बाटल्या. बिग्जचे निगेटिव्ह कागदाचे होते. कागदावर चांदीच्या क्षारांचा थर द्यायचा, कॅमेऱ्यात घालायचा आणि वाट बघत बसायचं. आपण १/५०० सेकंदावर भांडतो, तिथे एक्स्पोजरचा हिशेब मिनिटांत! काचेची ओली प्लेट वापरणाऱ्यांचे हाल वेगळे. प्लेट ओली असेतो, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत, फोटो काढून धुवावाही लागे, त्यामुळे अंधारा तंबू सोबत वाहायचा. मेमरी कार्ड भरलं म्हणून कुरकुरणाऱ्यांनी हे वाचून गप्प बसावं.

या मिनिटांच्या हिशेबाचा एक परिणाम मला फार महत्त्वाचा वाटतो. घुमट हलत नाही, तो छान उमटतो. समोरून चालत गेलेला माणूस उमटतच नाही. मुद्दाम स्तब्ध उभा केला तरच तो दिसणार, तेही बहुतेक वेळा इमारतीची उंची कळावी म्हणून. बिग्जचे फोटो असलेलं विजापूरच्या वास्तुकलेवरचं जाडजूड पुस्तक १८६६ मध्ये लंडनला निघालं. इतिहास लिहिला होता मेडोज टेलरने, वास्तूंवरची टिपणं फर्ग्युसनची. पुस्तक इमारतींचं आणि फोटोही इमारतींचे.

त्यानंतर दहाच वर्षांनी याच मुलखात पाऊस गेला.

१८७६-७८ चा दुष्काळ सोलापूर आणि तेव्हाच्या कलादगी, म्हणजे नंतरच्या विजापूर, जिल्ह्यात भयंकर होता. १८७२ आणि १८८१ च्या शिरगणतींमध्ये कलादगी जिल्ह्याची लोकसंख्या साधारण पाचव्या हिश्शाने घटलेली दिसते. सरकारने दुष्काळी कामं काढली. १८७७ च्या जानेवारीत सर रिचर्ड टेंपलच्या आग्रहाने मजुरी कापली गेली. पुरुषाला दिवसाला एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, धान्याची किंमत आणि वर एक आणा. दिवसभर माती वाहणाऱ्या माणसाला! मुंबई इलाख्यात मजुरांनी कामं सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने अर्जांवर अर्ज पाठवले.

होटगी या गोष्टीत येतं ते इथे. होटगी ते गदग या रेल्वेमार्गाचं मातीकाम त्या दुष्काळात सुरू झालं. पुढे सदर्न मराठा रेल्वेने मार्ग पुरा केला आणि १८८४ मध्ये मीटरगेजची गाडी धावू लागली. मुंबईहून येणारा माणूस होटगीला मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीत बसायचा आणि विजापूरला जायचा. लगेच १८८५ मध्ये जिल्ह्याचं मुख्य ठाणं कलादगीहून विजापूरला आलं. १८९२ मध्ये गोल घुमटाच्या नगारखान्यात संग्रहालय झालं. बैलगाडीने गाठायचं गाव आता तिकीट काढून बघायचं गाव झालं. आज आपण ज्याला विजापूरची ट्रिप म्हणतो, ती एका अर्थी या भरावावरून सुरू झाली.

दुष्काळाचे फोटो निघाले नाहीत असं नाही. मद्रास इलाख्यात हूपर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने हाडांचे सापळे झालेल्या माणसांना ओळीत बसवून फोटो काढले. ते बघवत नाहीत. फोटो काढून झाल्यावर त्या माणसांचं काय झालं, हा प्रश्न आजही विचारला जातो. म्हणजे माणूस फोटोत आला तो एकतर इमारतीची मोजपट्टी म्हणून, नाहीतर उपासमारीचा नमुना म्हणून. टोपली डोक्यावर घेऊन भराव घालणारा म्हणून त्याला या दोन्ही चौकटींत जागा नव्हती.

आता थोडं प्रॅक्टिकल. राष्ट्रीय महामार्ग ५२ चार पदरी आहे आणि गाडी सुसाट जाते, पण तो होटगीला टाळून जातो. त्यामुळे सोलापुरातून विमानतळाच्या बाजूचा होटगी रोड धरा. पंधरा-एक किलोमीटरवर होटगी. मीटरगेज आता इतिहासजमा आहे, सगळं ब्रॉडगेज. आजूबाजूला सिमेंटचे कारखाने आणि औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या. होटगीचा तलाव आहे, हिवाळ्यात पाणपक्षी येतात, तेव्हा टेलिफोटोवाल्यांची सोय आहे. जानेवारीत काळ्या रानात ज्वारी उभी असते, ऊन तिरपं असतं, आणि दक्षिणेकडे भीमेच्या दिशेने रूळ सरळ जातात. लीडिंग लाइन्सचा असा नमुना शोधून सापडणार नाही.

त्या रुळांचा फोटो जरूर काढा. फक्त खाली कॅप्शन देताना नुसतं "होटगी जंक्शन, सकाळी सात" एवढंच लिहू नका. रूळ ज्या मातीवर आहेत ती १८७७ च्या सुमारास एक पौंड धान्याच्या भावात वाहिली गेली, हेही लिहा. कॅमेरा आता १/५०० ला चालतो, त्यामुळे रुळांवर काम करणारा गँगमन समोर असेल तर तो स्पष्ट उमटेल. त्याला विचारून, त्याचाही एक काढा.