सुईची साक्ष

ॲक्युपंक्चरची सुई टोचल्यावर रुग्णास काय जाणवावे, याविषयी चीन व जपान यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. चिनी वैद्य सुई खोल घालून फिरवितो. ठणका, बधिरता, ताण, जडपणा जाणवला की प्राणशक्ती सुईपाशी आली, असे मानतो. जपानमध्ये सतराव्या शतकात सुगियामा वाइची (मृत्यू १६९४) यांनी बारीक नळीतून सुई टिचकीने सरकविण्याची रीत रूढ केली. नळीच्या दाबाखाली टोचणी फारशी कळत नाही. तेथील अनेक वैद्यांना स्वतःच्या बोटांस लागणारी ओढ पुरते. हयात दप्तरांत घालविलेल्या आम्हांस येथे प्रश्न दिसतो तो साक्षीचा : ग्राह्य कोणाची, रुग्णाची की वैद्याची? जुने चिनी ग्रंथही वैद्याच्या हाताला साक्षीदार मानीत. सुगियामा तर अंध होते; रुग्णाचा वेदनेने आक्रसलेला चेहरा त्यांना दिसणारच नव्हता.