वर्धा, चट्टा आणि गाठ

मंडळी, आजचा विषय वीकांताला शोभणारा नाही, हे आधीच सांगून टाकतो. स्तनाचा कर्करोग, आणि तोही उशिरा कळलेला. सुट्टीच्या दिवशी असलं वाचवत नसेल त्यांनी पुढच्या शनिवारी यावं, मी राग मानणार नाही.

गेले तीन-चार आठवडे मी महाराष्ट्रातल्या कर्करोग नोंदणीचा इतिहास जमेल तसा वाचतोय. सुरुवात निव्वळ विदा बघायच्या हौसेने झाली. (आठवडाभर डेटाबेसशी झटापट करणाऱ्या माणसाला रविवारीही टेबलंच दिसतात, काय करणार!) पण वाचता वाचता गाडी वर्ध्यापाशी येऊन थांबली. वर्धा म्हणजे आमचाच जिल्हा. तिथे जे सापडलं ते मला कोणी शाळेत सांगितलं नव्हतं, म्हणून हा प्रपंच.

आधी थोडी परिभाषा. डॉक्टर लोक या रोगाच्या चार स्टेज मानतात. पहिलीत गाठ लहान आणि स्तनापुरती. दुसरीत ती वाढलेली, किंवा काखेतल्या एखाद-दुसऱ्या गाठीपर्यंत पोचलेली. तिसरीत काखेत बराच पसारा, किंवा कातडी नाहीतर छातीची भिंत धरलेली. चौथीत हाडं, फुप्फुस, यकृत असं दूरवर गेलेली. तिसरी आणि चौथी म्हणजे 'उशिरा'. पहिलीतली बाई बहुधा बरी होते, चौथीतली बहुधा होत नाही. रोग तोच, फरक तो कधी कळला याचा.

आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा). रोग किती बायकांना होतो आणि झालेल्यांपैकी किती जणी उशिरा येतात, हे दोन वेगळे आकडे आहेत. पहिल्याचा भागाकार सगळ्या बायकांनी करायचा, दुसऱ्याचा फक्त रोगी बायकांनी. पहिल्या आकड्याचा नकाशा काढला तर शहरं लाल होतात. २०१२ ते २०१६ च्या राष्ट्रीय नोंदीत हैदराबाद सगळ्यात वर होतं, लाखात ४८. बार्शीसारख्या ग्रामीण भागात हाच दर कितीतरी कमी. मग लोक म्हणतात, खेड्यात हा रोग नाही, हा शहरातल्या शिकलेल्या बायकांचा रोग. दुसरा नकाशा कोणी काढत नाही, कारण त्यासाठी प्रत्येक रोग्याची स्टेज कुठेतरी लिहून ठेवलेली लागते.

लिहून ठेवण्याची सुरुवात आपल्याकडे मुंबईत झाली. १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने देशातली पहिली लोकसंख्येवर आधारित नोंदणी सुरू केली. लोकसंख्येवर आधारित म्हणजे एका इस्पितळातले रोगी मोजायचे नाहीत, तर एका ठरलेल्या हद्दीत राहणारे सगळे रोगी मोजायचे, मग ते उपचाराला कुठेही जावोत. हा फरक महत्त्वाचा आहे. वर्ध्याच्या मोठ्या इस्पितळांत यवतमाळ, चंद्रपूर, अमरावतीकडचेही रोगी येतात. ते सगळे मोजून 'वर्ध्यात असं आहे' म्हणणं म्हणजे बसस्टँडवरची गर्दी मोजून गावाची लोकसंख्या सांगण्यासारखं.

पुढची चोवीस वर्षं खेड्यातल्या बाईची अशी नोंद देशात कुठेच नव्हती. १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम हे तीन तालुके. अडचण अशी की मुंबईची पद्धत इथे चालत नव्हती. मुंबईत इस्पितळं आणि प्रयोगशाळा फिरल्या की बहुतेक रोगी सापडतात. बार्शीकडच्या खेड्यातली बाई मुळात इस्पितळापर्यंत पोचतच नव्हती, आणि मेल्यावर दाखल्यात कारणही धड लिहिलं जात नव्हतं. तेव्हा टाटा इस्पितळाच्या डॉ. कस्तुरी जयंत आणि बार्शीचे डॉ. नेने यांच्या मंडळींनी उलटा रस्ता धरला. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जायचे, लोकांना जमवून लक्षणं समजावून सांगायचे, अशी लक्षणं कोणाला आहेत का ते विचारायचे, आणि संशय आला तर त्या बाईला समजावून बार्शीच्या इस्पितळात पाठवायचे.

परिणाम असा झाला की मोजणीनेच मोजायची गोष्ट बदलली. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या स्टेजला येऊ लागल्या. तेव्हा तिथे तपासणी मोहीम नव्हती की नवं यंत्र नव्हतं. फक्त कोणीतरी येऊन विचारत होतं. आमच्या धंद्यात लॉग लिहिणाऱ्या प्रोग्रॅमने सिस्टिमला हात लावू नये असा दंडक असतो. इथे लॉगनेच निम्मं काम केलं.

पुढे १९९९ मध्ये शेजारच्या उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यात मोठी चाचणी झाली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. २००९ मध्ये निष्कर्ष आले: एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात दुसऱ्या स्टेजच्या किंवा त्यापुढच्या ३९ जणी सापडल्या, तपासणी न झालेल्या गटात ८२. मृत्यू ३४ विरुद्ध ६४. तपासणी न झालेला गट ठेवणं नैतिक होतं का यावर नंतर जगभर बराच वाद झाला. ते ८२ आणि ६४ वाचताना मलाही बरं वाटलं नाही.

हे सगळं वाचून मी भारावून गेलो होतो, की बघा, बार्शीने काय नवीन कल्पना काढली. आणि मग वर्धा सापडलं.

आमच्या वर्ध्यात कुष्ठरोगाचा इतिहास फार जुना आहे. मनोहर दिवाणांचं दत्तपूरचं कुष्ठधाम १९३६ चं. १९३९ मध्ये परचुरेशास्त्री सेवाग्रामला आले आणि गांधीजी स्वतः त्यांची शुश्रूषा करायचे, हा प्रसंग आपण सगळ्यांनी ऐकलेला असतो. पण खरा बदल त्यानंतरचा, आणि तो कोणी सांगत नाही, कारण त्यात फोटो काढण्यासारखं काही नाही. १९५१ साली गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झालं, मुख्यालय वर्ध्यात. तिथे डॉ. वार्देकरांनी एक साधी तीन अक्षरी पद्धत बसवली: एसईटी. सर्व्हे, एज्युकेशन, ट्रीटमेंट. रोग्याने आश्रमात यायची वाट बघायची नाही. कार्यकर्त्याने घरोघर जाऊन सगळ्यांचं अंग तपासायचं, चट्टे शोधायचे, लोकांना समजवायचं आणि डॅप्सोनच्या गोळ्या गावातच द्यायच्या. हीच पद्धत पुढे राष्ट्रीय कुष्ठरोग कार्यक्रमाचा कणा झाली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बहुविध औषधोपचार देशातल्या ज्या पहिल्या जिल्ह्यांत सुरू झाले, त्यातही वर्धा होतं.

आता चट्टा आणि गाठ शेजारी ठेवून बघा. कुष्ठरोगाचा सुरुवातीचा चट्टा दुखत नाही, उलट तिथे संवेदनाच नसते. स्तनातली सुरुवातीची गाठही बहुधा दुखत नाही. दोन्ही कपड्याखाली लपतात. दोन्हींबद्दल घरात बोलायची लाज. आणि दोन्हीत रोगी स्वतःहून येईपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणजे न दुखणाऱ्या आणि लपवल्या जाणाऱ्या रोगाच्या मागे कसं जायचं, हे ज्या जिल्ह्याने पन्नासच्या दशकात देशाला शिकवलं, त्याच जिल्ह्यातल्या बायका गाठ घेऊन किती उशिरा येतात, हे तिथे साठ वर्षांनी मोजलं जाऊ लागलं.

२०१० साली वर्धा जिल्ह्याची कर्करोग नोंदणी सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत सुरू झाली. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये काढलेलं देशातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय ते हेच. तिथल्या पॅथॉलॉजीच्या डॉ. नितीन गंगणे यांनी पुढे याच विषयावर स्वीडनच्या उमेओ विद्यापीठात प्रबंध लिहिला. जिल्ह्यातल्या हजार बायकांना विचारलं तर साधारण तिसऱ्या हिश्श्याने या रोगाचं नावच ऐकलेलं नव्हतं. स्वतः तपासणी कशी करायची हे नव्वद टक्क्यांहून अधिक जणींना ठाऊक नव्हतं, आणि यात खेडं आणि निमशहर असा फारसा फरकही नव्हता. मग रोग झालेल्या २१२ जणींकडे बघितलं. जवळजवळ निम्म्यांनी लक्षण कळल्यापासून डॉक्टरकडे जायला तीन महिन्यांहून अधिक काळ घेतला.

इथवर वाचून 'अज्ञान, दुसरं काय' म्हणणं सोपं आहे. पण त्याच अभ्यासात दुसरा उशीरही मोजलाय: बाई डॉक्टरकडे पोचल्यानंतरचा. साधारण चारातल्या एकीच्या बाबतीत तो बारा आठवड्यांच्या वर गेला. कारणांत पहिल्या डॉक्टरचं चुकलेलं निदान होतं, आणि खर्च.

माझ्या आजीची धाकटी बहीण आर्वीकडच्या एका खेड्यात राहायची. घरच्यांनी दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायची, "दुखतच नाई तं कायले जाचं?" पण सगळा दोष तिचा नव्हता. एकदा ती गेली होती. जवळच्या गावातल्या एका डॉक्टरने हात न लावता "वयाची गाठ आहे" म्हणून मलम दिलं. ते मलम तिने सात महिने इमानाने लावलं. नंतर सेवाग्रामला नेलं तेव्हा चौथी स्टेज होती. वरच्या हिशेबात तिचे दोन्ही उशीर बसतात, आणि 'अज्ञान' या रकान्यात फार तर अर्धा.

बरं, अंतराचं काय? आर्वीहून वर्धा पन्नास-साठ किलोमीटर, पुलगाव-आर्वी छोटी गाडी कधीच बंद पडलेली. उशिराचं कारण अंतरच असणार असं मलाही वाटायचं. पण मुंबई बघा. मे १९९८ पासून टाटाच्या डॉ. इंद्रनील मित्रा वगैरे मंडळींनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायकांवर चाचणी केली. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी, अशा चार वेळा, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी हाताने स्तन तपासले. मॅमोग्राफी नाही, डॉक्टर नाही. वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. तपासणी न झालेल्या वस्त्यांत ४७ टक्के रोगी तिसऱ्या-चौथ्या स्टेजला सापडल्या, तपासलेल्यांत ३७ टक्के. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी घटले; पन्नाशीच्या आतल्यांत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण माझं लक्ष त्या ४७ वर अडकलं. त्या बायका परळच्या टाटा इस्पितळाच्याच शहरात राहत होत्या! अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातही असंच निघालं: उशिराचा धोका सगळ्यात जास्त शिकागो शहरात, खेड्यांत त्याहून कमी. म्हणजे एसटीचं तिकीट हा उशिराचा एक भाग झाला, सगळा उशीर नव्हे.

मग वर्ध्यातल्या वर्ध्यात काय फरक आहे? सेलू-देवळीला काय, आष्टी-कारंजाला काय? असा तालुकावार नकाशा काढायचा मोह मला झाला आणि मी तो आवरला. जिल्ह्यात २०११ ला १३ लाख लोक, म्हणजे बायका सव्वासहा लाखांच्या आसपास, तालुके आठ. समजा एका तालुक्यात एका वर्षी दहा रोगी निघाल्या, आणि खरं प्रमाण सगळीकडे सारखंच, निम्मं-निम्मं आहे. नाणं दहा वेळा उडवा: सात किंवा जास्त छापे, नाहीतर तीन किंवा कमी, असं चौतीस टक्के वेळा होतं. म्हणजे काहीही फरक नसताना आठातले दोन-तीन तालुके दरवर्षी 'फार वाईट' किंवा 'फार चांगले' दिसणार, आणि पुढच्या वर्षी वेगळेच. नकाशा रंगीत येईल, पेपरात छापूनही येईल, आणि भलत्याच तालुक्यात शिबिर लागेल. अनेक वर्षांची बेरीज केल्याशिवाय हा खेळ खेळू नये.

खर्चाचा प्रश्न वर्ध्याने पूर्वीही हाताळलाय. १९८० च्या दशकात सेवाग्रामचे डॉ. उल्हास जाजू गावकऱ्यांकडून पैशाऐवजी ज्वारी घेऊन आरोग्यविमा चालवायचे. आता महात्मा फुले जनआरोग्य योजनेत (२०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली होती) कर्करोगाचे उपचार बसतात, ही खरोखर मोठी गोष्ट आहे. पण योजना सुरू होते निदान झाल्यावर. त्याआधीचं उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूर, सुईची तपासणी, रिपोर्टसाठी पुन्हा एक खेप, हे सगळं बाईच्या रोजीवर. कापूस वेचणीच्या दिवसांत तर विचारूच नका. डॅप्सोनची गोळी गावात देता येत होती, शस्त्रक्रिया आणि किमो नाही देता येत, आणि वार्देकरांची पद्धत इथे जशीच्या तशी लागू न पडण्याचं खरं कारण हे आहे.

कागदावर सर्व्हे आता देशभर आहे. २०१६ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईचे स्तन दर पाच वर्षांनी प्रशिक्षित व्यक्तीने हाताने तपासायचे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, अशी तपासणी आयुष्यात कधी झाली का? देशात ०.९ टक्के जणी हो म्हणाल्या. आशाताईंच्या फॉर्ममध्ये स्तनात गाठ आहे का, आकार बदललाय का, बोंडातून रक्त येतं का, असे प्रश्न आहेत. ते दारात उभं राहून, सासू आणि पोरांच्या देखत विचारले तर सगळ्या रकान्यांत 'नाही' येतं. मुंबईच्या त्या सेविका नुसतं विचारत नव्हत्या, हाताने तपासत होत्या, आणि दोन वर्षांनी त्याच वस्तीत पुन्हा येत होत्या.