हळू बोलणाऱ्या चित्रपटाचे प्रेक्षक

चित्रपटाचा इतिहास लिहिणारे दिग्दर्शकाबद्दल भरभरून लिहितात, नटनट्यांबद्दल त्याहूनही अधिक लिहितात. पण तिकीट काढून अंधारात बसलेल्या माणसाची दखल सहसा कुणी घेत नाही. फार तर गल्ल्याचा आकडा हाती लागतो. तरी एखादा चित्रपट असा निघतो की, प्रेक्षकांना वगळून त्याची हकीकत सांगताच येत नाही. सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' हा त्यांतलाच एक.

गोष्ट म्हणाल तर ओंजळभर. निश्चिंदिपूर नावाच्या बंगाली खेड्यातले एक गरीब ब्राह्मण कुटुंब. भिक्षुकी करून पोट भरणारा आणि नाटके लिहिण्याची स्वप्ने पाहणारा हरिहर, संसार ओढता ओढता जिची जीभ तिखट झाली आहे अशी सर्वजया, दुर्गा आणि अपू ही दोन मुले, आणि आश्रयाला राहिलेली नात्यातली म्हातारी इंदिर ठाकरुण. म्हातारी जाते, पुढे मुलगीही तापाने जाते, उरलेले तिघे बैलगाडीत बसून काशीची वाट धरतात. नायक-नायिकेची गाणी नाहीत, नाच नाही, खलनायक नाही. विभूतिभूषण बंदोपाध्यायांची मूळ कादंबरी 1929 साली पुस्तकरूपाने आली होती आणि बंगाली घरांत ती आवडीने वाचली जात होती. पण वाचायला गोड वाटणारी गोष्ट पडद्यावर चालेल, हे धंद्यातल्या कुणाला पटावे?

या चित्रपटाचे पहिले प्रेक्षक म्हणजे पैसेवाले निर्माते. एका जाहिरात कंपनीत चित्रकार असलेले राय चित्रांची वही काखोटीला मारून त्यांच्याकडे जात, आणि बहुतेक जण ऐकून घेऊन नकार देत. अखेर विम्याची पॉलिसी, ग्रामोफोनच्या तबकड्या आणि पत्नीचे दागिने यांच्यावर काम चालू झाले. 1952 च्या ऑक्टोबरात काशाच्या पांढऱ्या तुऱ्यांत पहिले चित्रण झाले. पुढच्या रविवारी मंडळी परत जातात तो सगळे तुरे गुरांनी फस्त केलेले! त्या दृश्यासाठी पुढच्या मोसमाची वाट पाहावी लागली. पैसे संपले की काम थांबे, मिळाले की पुन्हा चालू होई. या अवधीत अपूचा आवाज फुटला नाही, दुर्गा मोठी दिसू लागली नाही आणि ऐंशीच्या घरातल्या चुनीबालादेवी हयात राहिल्या, हे तीन चमत्कारच, असे राय पुढे म्हणत.

शेवटी पश्चिम बंगाल सरकारने हात दिला. नावात 'पथ' आहे, तेव्हा पैसा रस्तेसुधारणेच्या खात्यातून निघाला, असे सांगतात! सरकारी मंडळींना मात्र शेवट खटकला. हे कुटुंब गाव सोडून का जाते? गावात राहून विकासाच्या कामाला लागले तर काय वाईट? राय यांनी शेवट बदलला नाही. कादंबरी साऱ्यांच्या ओळखीची होती, हे त्यांच्या पथ्यावर पडले.

26 ऑगस्ट 1955 रोजी कलकत्त्याच्या बसुश्री चित्रगृहात चित्रपट लागला. त्याआधी जाहिरातवाल्यांच्या मंडळापुढे झालेला खेळ थंडच गेला होता आणि राय खचले होते. पहिले दोन आठवडेही यथातथाच गेले. मग मात्र वारे फिरले. पाहून आलेल्यांनी घरी सांगितले, घरच्यांनी शेजारी सांगितले, आणि तिसऱ्या आठवड्यापासून चित्रगृह भरू लागले. एवढ्यात सहा आठवड्यांची मुदत संपली. पुढची तारीख मद्रासच्या वासन यांच्या 'इन्सानियत'ला दिलेली होती. वासन यांनी 'पथेर पांचाली' पाहिला आणि आधी कळते तर आपण आपला चित्रपट पुढे ढकलला असता, असे राय यांना सांगितले, अशी आठवण आहे. पुढे हा चित्रपट दुसऱ्या चित्रगृहात आणखी काही आठवडे चालला.

हे घडले कसे? एका प्रसंगात याचे उत्तर सापडते. बरेच दिवस बाहेर राहिलेला हरिहर घरी येतो. दुर्गा गेल्याचे त्याला ठाऊक नाही. तिच्यासाठी आणलेली साडी तो सर्वजयेच्या हाती देतो. ती साडी दातांत धरून कोसळते. आपण तिचा आक्रोश ऐकण्याच्या तयारीत असतो. पण तिचा आवाज येतच नाही. त्या जागी तारशहनाईचा उंच सूर उठतो. पडद्यावरची आई रडताना ऐकू येत नाही, म्हणून प्रेक्षकाला स्वतःच्या घरातले रडणे ऐकू येते. जो चित्रपट सगळे बोलून टाकतो, तो आपल्याला ऐकायला बसवतो. हा चित्रपट थोडे बोलून गप्प राहतो आणि उरलेले आपल्याकडून मागून घेतो.

इंदिर ठाकरुणचेच पाहा. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत अशी एखादी आत्या नव्हती काय? कोपऱ्यात वळकटी, उशाशी लोटा, आणि भावजयीचा चेहरा पाहून जेवायला बसणे! मुले तिला चोरून पेरू देतात, सर्वजया त्यावरून संतापते. सर्वजयेचा राग येतो आणि तिची बाजूही पटते; कारण पातेल्यात भात किती उरला आहे हे तिलाच ठाऊक असते. या चित्रपटाच्या आधी दोनच वर्षे आलेल्या 'श्यामची आई'नेही राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवले होते. तेथेही गरीब घर आणि सोसणारी आई होती. पण श्यामची आई बोलून शिकवते. सर्वजया काहीच शिकवत नाही, नुसती जगते. तिच्याकडून काय घ्यायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे.

परदेशी हा चित्रपट कलकत्त्याच्याही आधी दिसला. 1955 च्या मे महिन्यात न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात तो दाखवला गेला तेव्हा खाली इंग्रजी अक्षरेही नव्हती. तरी लोकांना तो कळला. पुढच्या वर्षी कानच्या महोत्सवात पहिल्या खेळाला फारसे कुणी फिरकले नाही. लिंडसे अँडरसन आदी समीक्षकांनी आग्रह धरला, दुसरा खेळ झाला, आणि 'उत्कृष्ट मानवी दस्तऐवज' म्हणून त्याचा गौरव झाला. फ्रान्सचे त्रुफो मात्र मध्येच उठून गेले, असे म्हणतात. हातांनी जेवणारे शेतकरी त्यांना पाहायचे नव्हते! 1958 मध्ये न्यू यॉर्कच्या एका प्रमुख समीक्षकाला त्याची मांडणी विस्कळीत वाटली. पण प्रेक्षक येतच राहिले आणि तेथे तो सुमारे आठ महिने चालला.

घरचा आहेर उशिरा मिळाला. 1980 साली राज्यसभेच्या सदस्य असलेल्या नर्गिस यांनी राय हे भारताचे दारिद्र्य परदेशात विकतात, असा आरोप केला. 'मदर इंडिया'तल्या राधेने असे म्हणावे, याचे अनेकांना नवल वाटले. पण या आरोपामागे एक खरी वेदना होती, ती हसण्यावारी नेऊ नये. नव्या स्वतंत्र देशाला जगापुढे नीटनेटके दिसावेसे वाटते. मात्र नेहरूंनी हा चित्रपट पाहिला होता, ते हेलावले होते, आणि काही अधिकाऱ्यांची नाराजी असतानाही त्यांनी तो कानला जाऊ दिला होता. सर्वजयेचे घर दाखवण्यात देशाची मान खाली जाते, असे त्यांना वाटले नाही.

1993 मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत मूळ फिती होरपळल्या. कारागिरांनी काही वर्षे खपून त्यांतल्या शक्य तेवढ्या वाचवल्या, आणि 2015 च्या मे महिन्यात, बरोबर साठ वर्षांनी, न्यू यॉर्कच्या त्याच संग्रहालयात हा चित्रपट पुन्हा झळकला. ज्यांना त्यात फक्त दारिद्र्य दिसले, त्यांना ते आजही दिसेल. पण तिसऱ्या आठवड्यात बसुश्रीपुढे रांग लावणाऱ्या माणसांना त्यात आपली आई, आपली बहीण आणि आपली म्हातारी आत्या दिसली होती. चित्रपट वाचवण्याचे पहिले काम त्यांनी केले, आणि तेही पदरच्या पैशाने तिकीट काढून.