मृदारोध व मुळांचा शिरकाव : कर्जत-खालापूरच्या भातजमिनी

वाढणाऱ्या मुळाचे टोक जमिनीत पुढे सरकत असताना मातीकडून त्याला जो विरोध होतो, त्यास मृदारोध म्हणतात. मातीचे कण किती दाबले गेले आहेत आणि त्यांच्यामध्ये ओल किती आहे, या दोन गोष्टींवर तो मुख्यत्वे अवलंबून असतो. रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर या तालुक्यांत या दोहोंचा परस्परसंबंध विशेष स्पष्टपणे दिसतो. येथे भातासाठी खाचराची जमीन हेतुपुरस्सर घट्ट केली जाते आणि भातानंतर घेतल्या जाणाऱ्या वाल, हरभरा यांसारख्या पिकांना तोच घट्टपणा बाधक ठरतो.

प्रदेश व मशागत : हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी, उल्हास व पाताळगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेले आहेत. येथील माती बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे. वर्षाकाठी सु. ३,००० मिमी. हून अधिक पाऊस पडतो व त्यापैकी बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उतारावरील हलक्या वरकस जमिनीत नाचणी व वरी, तर सखल भागातील बांधबंदिस्तीच्या खाचरांत भात अशी पिकांची परंपरागत विभागणी आहे.

खाचरात पाणी साठवून केलेल्या नांगरणीस चिखलणी म्हणतात. तीमुळे मातीचे पुंजके मोडतात, मोठी रंध्रे बुजतात आणि पाण्याचा निचरा मंदावतो. नांगराचा तळ व बैलांचे खूर यांच्या दाबाने चिखलाखाली साधारणपणे १५ ते २५ सेंमी. खोलीवर एक कठीण थर तयार होतो. भाताच्या दृष्टीने हा थर उपकारक असतो, कारण तो नसता तर पाणी झिरपून गेले असते व खाचर कोरडे पडले असते. भाताच्या मुळांत हवा वाहून नेणाऱ्या पोकळ्या असल्याने साचलेल्या पाण्यातही ती जगतात. कडधान्यांच्या मुळांना ही सोय नसते.

राबाचा वाद : या भागातील भातशेतीवरील जुनी चर्चा प्रामुख्याने राबाभोवती फिरत राहिली. रोपवाटिकेच्या जागेवर झाडांचे टहाळ, शेण व गवत पसरून ते जाळण्याच्या पद्धतीस राब म्हणतात. टहाळ जंगलातून येत असल्याने वनखाते व शेतकरी यांच्यात संघर्ष उद्भवला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील वनविषयक तक्रारींच्या चौकशीसाठी १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमला गेला. त्याच्या अहवालात (१८८७) आणि पुढे जे. ए. व्होल्कर यांच्या भारतीय शेतीच्या सुधारणेवरील अहवालातही (१८९३) राबाचा विचार झाला. हॅरल्ड एच्. मान, एन्. व्ही. जोशी व एन्. व्ही. कानिटकर यांनी १९१२ मध्ये या पद्धतीवर शास्त्रीय प्रबंध प्रसिद्ध केला. तोवर बहुधा राखेच्या खतमूल्यापुरता मर्यादित असलेला प्रश्न त्यामुळे जमीन तापल्याने होणाऱ्या परिणामांपर्यंत पोहोचला. तथापि ही सारी चर्चा रोपवाटिकेच्या वरच्या पातळ थराविषयी होती. नांगराच्या तळाखालील थर तीत फारसा आला नाही.

शास्त्रीय विचाराचा विकास : जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ व्हिल्हेल्म फेफर यांनी १८९३ मध्ये वाढत्या मुळाच्या दाबाची मोजमापे प्रसिद्ध केली. हा दाब साधारणपणे १ मेगापास्कलच्या, म्हणजे दर चौ. सेंमी.ला सु. १० किग्रॅ.च्या आसपास असतो. अमेरिकन अभियंते आर्. आर्. प्रॉक्टर यांनी १९३३ मध्ये मातीच्या धरणांच्या संदर्भात असे दाखवून दिले की, ठराविक दाबाखाली माती एका विशिष्ट ओलीस सर्वाधिक घट्ट होते. त्याहून कोरडी वा अधिक ओली माती तितकी दाबली जात नाही. शेतात बैल वा यंत्र केव्हा घालावे, या प्रश्नाचे मूळ येथे आहे.

यानंतर बराच काळ मातीची घनता हेच मुळांच्या अडथळ्याचे माप मानले जात होते. एच्. एम्. टेलर व एच्. आर्. गार्डनर यांनी १९६३ मध्ये कपाशीच्या रोपांवरील प्रयोगांतून हा समज दुरुस्त केला. एकाच घनतेची माती ओली असताना मुळांना वाट देते आणि सुकल्यावर अडवते, म्हणून घनतेपेक्षा मातीचे बल निर्णायक ठरते, असा त्यांचा निष्कर्ष होता. माती सुकू लागली की उरलेले पाणी कणांना एकमेकांकडे ओढून धरते व माती कठीण होते. हे बल शंकूच्या आकाराचे टोक असलेली सळई जमिनीत दाबून मोजतात. या उपकरणास वेधनमापक म्हणतात. त्यावर सु. २ मेगापास्कल रोध आढळल्यास बहुतेक पिकांच्या मुळांची वाढ बरीच मंदावते. मूळ धातूच्या शंकूपेक्षा लवचिक असते, त्याचे टोक बुळबुळीत स्रावाने माखलेले असते व ते भेगा आणि जुनी बिळे शोधत जाते. त्यामुळे मापकाचा आकडा ही केवळ निदर्शक मर्यादा समजावी.

जे. लेटी यांनी १९८५ मध्ये या विचारास व्यापक रूप दिले. फार ओल असल्यास मुळांना हवा मिळत नाही आणि फार कमी असल्यास माती त्यांना अडवते. या दोन टोकांमधील ओलीचा पट्टा मुळांना मानवतो व जमीन जितकी घट्ट, तितका तो पट्टा अरुंद होतो. ना फार ओली ना फार कोरडी अशा मशागतयोग्य स्थितीला मराठी शेतकरी पूर्वापार ‘वाफसा’ म्हणत आला आहे. कर्जत-खालापूरच्या चिखलणी केलेल्या खाचरात हा वाफसा अल्पकाळ टिकतो.

दुसऱ्या पिकाचा प्रश्न : भातकापणीनंतर वाल, हरभरा ही पिके जमिनीत उरलेल्या ओलीवर घेतली जातात. पुंजके मोडलेली माती सुकताना आकसते, तिला भेगा पडतात व ढेकळे दगडासारखी होतात. मूळ कठीण थरापर्यंत पोहोचेतो त्या थरातील ओल घटलेली असते. खालच्या मातीत ओल असूनही पीक तहानलेले राहते. जमीन पडीक राहिल्यास गावात कामही उरत नाही. या भागातील अनेक कातकरी व भूमिहीन कुटुंबे पावसाळ्यानंतर वीटभट्ट्यांवर जातात. त्यामागे इतरही कारणे असली, तरी दुसऱ्या पिकाच्या अभावाचा वाटा त्यात आहे.

या प्रश्नाची एक बाजू पिकाच्या कालावधीची आहे. कर्जत येथील भात संशोधन केंद्र १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कक्षेत आले. तेथील कर्जत १८४, कर्जत ३ यांसारखे लवकर तयार होणारे वाण खाचर लवकर मोकळे करतात. त्यामुळे पुढील पिकास वाफशाचे काही दिवस अधिक लाभतात. राजनाला कालव्याखालील क्षेत्रात मात्र उन्हाळी भातही होतो. तेथे वर्षातून दोनदा चिखलणी होते व जमिनीला पूर्ण वाळून भेगा पडण्यास आणि त्यायोगे आपोआप सैल होण्यास कमी अवसर मिळतो.

चिखलणीविरहित भात : २०१० नंतरच्या दशकात नेरळजवळील सगुणा बाग येथे चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्र विकसित केले. यात एकदा तयार केलेले गादीवाफे कायम ठेवतात व त्यांवर लोखंडी साच्याने खुणा करून भाताची टोकणी करतात. नांगरणी, चिखलणी व लावणी केली जात नाही. कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवतात. ती कुजल्यावर राहणाऱ्या नळ्या पुढील पिकाच्या मुळांना, हवेला व पाण्याला वाट देतात. त्याच वाफ्यांवर वाल, हरभरा घेता येतो. चिखल नसल्याने तणांचा उपद्रव वाढतो व तणनाशकांवर अवलंबून राहावे लागते, ही या तंत्राची मर्यादा होय. तसेच पाणी साचून राहणाऱ्या अगदी सखल खाचरांत गादीवाफे टिकवणे अवघड जाते.

यावरून असे दिसते की, जमिनीचा घट्टपणा हा सर्वस्वी दोष नव्हे. भाताला तो आश्रय देतो व वालाला अडवतो. कोणत्या खाचरात तो राखावा आणि कोणत्या खाचरात मोडावा, हे तेथील पाणी, उतार व पुढचे पीक पाहूनच ठरवावे लागते.