दुधाची चार अक्षरे : विशेष शिक्षणाचा दोनशे वर्षांचा इतिहास आणि आजचा वर्ग



काही महिन्यांपूर्वी बोरगाव मेघेच्या माझ्या दवाखान्यात विशेष शाळेत शिकवणाऱ्या एक शिक्षिका आल्या. तक्रार डोकेदुखीची आणि झोप न लागण्याची. रक्तदाब ठीक, बाकी तपासणीही ठीक. मग गप्पांमध्ये खरे कारण निघाले. एका विद्यार्थ्याचे वडील सगळ्यांसमोर त्यांना म्हणाले होते, "दोन वर्षं झाले मॅडम, पोरगं अजून एक शब्द नाही बोललं. शिकवता तरी काय तुम्ही?"

"डॉक्टर, त्यांचं काय चुकलं? खरंच नाही बोलत तो," त्या म्हणाल्या. "मला वाटतं, सोडून द्यावं हे काम."

मी त्यांना डोकेदुखीची गोळी दिली आणि एक गोष्ट सांगितली. गोष्ट सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या एका डॉक्टरची आहे. त्यालाही नेमके असेच वाटले होते. विशेष मुलांचे पालक, शिक्षक आणि शेजारी अशा सगळ्यांनाच ती माहीत असावी, म्हणून आज इथे लिहीत आहे.

जंगलात सापडलेला मुलगा

जानेवारी 1800. फ्रान्सच्या दक्षिणेकडील आव्हेरों भागात साधारण बारा वर्षांचा एक मुलगा वस्तीत आला. अंगावर धड कपडे नाहीत, बोलणे नाही, थंडी-गरमीची पर्वा नाही. बरीच वर्षे तो जंगलात एकटा राहिला असावा. त्याला पॅरिसला आणून मूकबधिर मुलांच्या संस्थेत ठेवले. फिलिप पिनेल हे त्या काळचे मनोविकारांचे सर्वात नावाजलेले डॉक्टर. त्यांनी तपासून मत दिले की हा जन्मतःच बुद्धीने अधू आहे, यात सुधारणा होणार नाही.

त्याच संस्थेत झाँ मार्क इतार नावाचे सव्वीस वर्षांचे डॉक्टर होते. त्यांना हे मत पटले नाही. मूल शिकले नाही याचा अर्थ ते शिकू शकत नाही असा होत नाही, त्याला कोणी शिकवलेच नसेल, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी मुलाचे नाव व्हिक्टर ठेवले आणि सुमारे पाच वर्षे त्याला शिकवले. रोजची देखभाल मादाम गेराँ या बाईंकडे होती.

इतारांकडे औषध नव्हते. त्यांनी गरम पाण्याच्या आंघोळीने त्वचेची जाणीव जागी केली. आधी मोठा फरक असलेल्या वस्तू ओळखायला दिल्या, मग बारीक फरकाच्या. वस्तू, मग चित्र, मग अक्षर असा क्रम लावला. आज विशेष शाळेत रंगांच्या ठोकळ्यांच्या जोड्या लावताना मुले दिसतात, त्या पद्धतीची सुरुवात इथे आहे.

दूध

इतारांची सर्वात मोठी इच्छा म्हणजे व्हिक्टरने बोलावे. फ्रेंच भाषेत दुधाला 'ले' म्हणतात आणि लिहिताना चार अक्षरे लागतात. व्हिक्टरला दूध फार आवडायचे. एक दिवस त्याच्या तोंडून 'ले' हा शब्द आला, पण दुधाचा पेला हातात पडल्यावर. मागण्यासाठी तो शब्द वापरत नव्हता. इतार निराश झाले. हा आनंदाचा नुसता उद्गार आहे, संवाद नाही, असे त्यांनी नोंदवले.

पुढे त्यांनी सुट्या अक्षरांनी तोच शब्द जुळवायला शिकवले. त्यानंतर आठवडाभराने व्हिक्टरला ओळखीच्या एका घरी न्यायचे होते. तिथे त्याला नेहमी दूध मिळायचे. निघताना कोणी न सांगता त्याने ती चार अक्षरे सोबत घेतली आणि तिथे पोहोचताच टेबलावर मांडून दाखवली.

जरा थांबून विचार करा. हे मूल बोलले का? तोंडाने नाही. पण त्याने मागितले. आधीपासून विचार करून, साधन सोबत नेऊन मागितले.

दुसरा प्रसंग याहून हळवा आहे. जेवणाचे टेबल मांडणे हे व्हिक्टरचे रोजचे काम होते. मादाम गेराँ यांचे पती वारले, तरी सवयीने त्याने त्यांचे ताट मांडले. ते पाहून बाईंना रडू कोसळले. व्हिक्टरने ते ताट उचलून कपाटात ठेवले आणि पुन्हा कधीच मांडले नाही.

तरीही पाच वर्षांनंतर इतारांनी शिकवणे थांबवले, कारण व्हिक्टर बोलू लागला नाही. विशेष म्हणजे त्याच इमारतीत बहिरी मुले खुणांच्या भाषेत आपसात सहज बोलत होती. व्हिक्टरला ती भाषा पद्धतशीर शिकवून पाहावी, हे इतारांना सुचले नाही. 'तोंडाने बोलणे' एवढी एकच मोजपट्टी त्यांच्या हातात होती. व्हिक्टर पुढे मादाम गेराँ यांच्याकडेच राहिला आणि 1828 मध्ये वारला.

आज आपण म्हणू, मुलगा पुष्कळ शिकला होता, मोजपट्टी तोकडी पडली.

डॉक्टरांकडून शिक्षकांकडे

इतारांच्या 'अपयशातून' पुढचे सगळे उभे राहिले. त्यांचे शिष्य एदुआर सेगाँ यांनी 1840 च्या सुमारास पॅरिसमध्ये अशा मुलांसाठी शाळा चालवली. नंतर ते अमेरिकेत गेले आणि 1866 मध्ये त्यांनी आपल्या पद्धतीवर पुस्तक लिहिले. आधी स्नायू आणि तोल, मग ज्ञानेंद्रिये, मग विचार, हा त्यांचा क्रम.

साधारण तीस वर्षांनी रोममध्ये मारिया माँटेसरी या तरुण डॉक्टर मनोरुग्णालयात काम करत असताना त्यांना तिथे कोंडलेली मुले दिसली. या मुलांचा प्रश्न औषधापेक्षा शिक्षणाचा अधिक आहे, असे त्यांचे मत झाले. त्यांनी इतार आणि सेगाँ यांचे लेखन स्वतःच्या हाताने उतरवून अभ्यासले आणि तशी साधने बनवून मुलांना शिकवले. त्यांतली काही मुले सर्वसाधारण शाळेची परीक्षा उत्तीर्ण झाली, तेव्हा लोकांनी कौतुक केले. माँटेसरींना मात्र वेगळाच प्रश्न पडला. ही मुले इथवर येतात, तर मग साध्या शाळेतली धडधाकट मुले इतकी मागे का? त्यातून 1907 मध्ये रोमच्या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह सुरू झाले.

म्हणजे आपण नातवंडांना हौसेने ज्या माँटेसरीत घालतो, तिची मुळे विशेष मुलांच्या वर्गात आहेत. विशेष शिक्षण ही मुख्य शिक्षणाची धाकटी, दुबळी बहीण नव्हे. बालशिक्षणातले पुष्कळ काही या मुलांनीच जगाला शिकवले आहे.

आपल्याकडे

हा विचार महाराष्ट्रात आला तो गुजरातमार्गे. गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक तिथे त्यांच्यासोबत काम करू लागल्या. पुढे 1945 मध्ये त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी इथे आणि नंतर कोसबाडला गरीब व आदिवासी मुलांसाठी काम उभे केले. महागडी साधने परवडणारी नव्हती. मग शंख-शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली.

वर्ध्याचे नावही या इतिहासाजवळ येते. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिथून 'नई तालीम'चा आराखडा पुढे आला. हाताने काम करता करता शिकायचे आणि तेही मातृभाषेत. नई तालीम विशेष मुलांसाठी आखलेली नव्हती आणि तिची प्रेरणाही वेगळी होती. पण 'आधी हात, मग पुस्तक' हे सूत्र दोन्हीकडे सारखेच. टकळीवर सूत काढताना मूल लांबी, वजन, मोजणी शिकते, तसेच आमच्या भागातल्या विशेष शाळेत पणत्या रंगवताना किंवा पिशव्या बनवताना मूल शिकते.

खास बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी महाराष्ट्रात जे उभे राहिले, त्यात आयांचा वाटा फार मोठा आहे. मुंबईत 1944 मध्ये जय वकील यांनी डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी सुरुवात केली. त्यातूनच त्यांच्या नावाची आजची मोठी शाळा वाढली. पुण्यात 1964 मध्ये सिंधुताई जोशी यांनी 'कामायनी' सुरू केली. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी मिथू अलूर यांनी 1972 मध्ये मुंबईत संस्था काढली. नाशिकला 1977 मध्ये रजनीताई लिमये यांनी 'प्रबोधिनी' उभी केली. अलूर आणि लिमये यांच्याही घरात विशेष मूल होते.

कायदे मागाहून आले. विशेष शिक्षकांच्या प्रशिक्षणाला आणि नोंदणीला आधार देणारा भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा 1992 चा, अपंग व्यक्तींच्या हक्कांचा पहिला कायदा 1995 चा आणि सध्याचा 2016 चा. सध्याच्या कायद्यात 21 प्रकारच्या अक्षमता आहेत. चाळीस टक्के किंवा अधिक अक्षमता प्रमाणित असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

या इतिहासातून उद्याच्या वर्गासाठी

1. कामाचे तुकडे करा. 'हात धू' ही आपल्यासाठी एक सूचना, मुलासाठी सात-आठ कामे : बाही वर, नळ सुरू, हात ओले, साबण, चोळणे, धुणे, नळ बंद, पुसणे. काही मुलांना शेवटची पायरी आधी शिकवलेली बरी पडते. बाकी तुम्ही करा, पुसणे त्याला करू द्या. काम 'पूर्ण केल्याचा' आनंद त्याला पहिल्याच दिवशी मिळतो.

2. आधी वस्तू, मग चित्र, मग शब्द. पैसे शिकवायचे तर खरी नाणी आणि शाळेजवळचे खरे दुकान.

3. बोलण्याची वाट पाहत संवाद थांबवू नका. बोट दाखवणे, हात ओढून नेणे, चित्राचे कार्ड देणे, खूण करणे, हे सगळे संवादच आहेत. चित्रे आणि खुणा वापरल्या तर मूल बोलण्याचा आळस करेल, ही पालकांची नेहमीची भीती. तसे होत नाही, उलट अनेक मुलांना बोलायला त्याची मदतच होते.

4. त्रास देणारे वागणेही काही सांगत असते. त्याआधी काय घडले आणि त्यानंतर मुलाला काय मिळाले, हे लिहून ठेवा. शांत मूल अचानक चावू लागले, डोके आपटू लागले, तर आधी आमच्याकडे पाठवा. कान फुटणे, दात किडणे, बद्धकोष्ठता, अपुरी झोप, फिट्स, बदललेले औषध, अशी कारणे निघू शकतात. ज्याला दुखणे सांगता येत नाही, ते वागण्यातूनच सांगते.

5. मदत किती लागली ते लिहा. पूर्ण हात धरून, नुसता स्पर्श करून, बोट दाखवून, तोंडी सांगून की आपापले? रोज एक ओळ पुरे. इतारांच्या नोंदी नसत्या तर आज आपल्याला व्हिक्टरची चार अक्षरे कळलीच नसती.

6. घर आणि शाळेत एकच शब्द, एकच पद्धत. शाळेत 'पाणी' आणि घरी 'मम्मं' असेल तर मूल गोंधळते. आई, आजी, मावशी ही या कामातली अर्धी शाळा. व्हिक्टरच्या आयुष्यात डॉक्टर पाच वर्षे होते, मादाम गेराँ शेवटपर्यंत.

आणि शिक्षिकांच्या तब्येतीसाठी

मूल उचलताना कमरेत वाकू नका. गुडघे वाकवा, मूल अंगाजवळ घ्या, वजन जास्त असेल तर दोघींनी उचला. घसा बसत असेल तर पाणी अधूनमधून प्या आणि ओरडण्याऐवजी टाळी किंवा घंटी वापरा. आठवड्यातून एकदा तरी सहकाऱ्यांसोबत बसून फक्त 'या आठवड्यात काय जमले' एवढेच बोला.

सलग दोन आठवडे मन उदास राहिले, झोप-भूक बिघडली, कशातच रस वाटेना, तर तो कामचुकारपणा समजू नका. डॉक्टरांना भेटा. शासनाची टेली-मानस ही मोफत हेल्पलाईन 14416 या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते.

त्या शिक्षिकांचे काय झाले?

गोष्ट ऐकून झाल्यावर मी त्यांना विचारले, "दोन वर्षांपूर्वी त्या मुलाला तहान लागली की तो काय करायचा?"

"रडायचा. जमिनीवर लोळायचा."

"आणि आता?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. "आता माझा पदर धरून माठापाशी नेतो. ग्लास स्वतः काढतो."

"हे त्याच्या वडिलांना सांगितलं का?"

सांगितले नव्हते. त्यांना स्वतःलाच ते 'शिकवणे' वाटले नव्हते.

पुढच्या वेळी त्या आल्या त्या वही घेऊन. त्या मुलाच्या नावाने दोन पाने भरली होती. वडिलांना शाळेत बोलावून माठाजवळ उभे केले होते म्हणे. ते काही बोलले नाहीत, पण जाताना त्यांनी वहीतल्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून नेला.

मुलगा अजून बोलत नाही. कदाचित बोलेल, कदाचित नाही. ते आज कोणीच छातीठोक सांगू शकत नाही आणि जो सांगेल त्याच्यापासून सावध राहा. पण त्याची तुलना शेजारच्या मुलाशी न करता कालच्या त्याच्याशीच करा. मग तुमच्या वर्गातही कुणीतरी चार अक्षरे मांडून ठेवलेली दिसतील.